प्रिंटरवाल्या काकांना मनापासून थँक्यू

काका, फोनवर बोललो असतो तर तुम्ही "अरे त्यात काय एवढं" म्हणून विषय संपवला असता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

आईचा स्कॉलरशिपचा क्लास सगळा त्या घरच्या प्रिंटरवर चालतो हे तुम्हाला माहितीये. तो चालू केला की शाईचं कॅरेज, म्हणजे कागदावर इकडून तिकडे सरकणारा शाईचा भाग, धाडकन कडेला आपटायचं, तिथेच अडकायचं आणि सगळे लाइट लुकलुकायला लागायचे. तापकीर गल्लीजवळच्या एका दुकानात दाखवला तर उघडूनही न बघता बोर्ड गेलाय, नवीन घ्या म्हणाले. आईचा चेहराच उतरला.

तुम्ही मात्र बी विंगमधून टॉर्च घेऊन वर आलात आणि आधी फक्त आवाज ऐकलात. मग वायर काढायला लावलीत आणि म्हणालात, आता कॅरेज बोटाने हळू सरकवून बघ, जोर नाही लावायचा. मधेच अडलं तर कागदाचा तुकडा किंवा कॅरेज ओढणाऱ्या पट्ट्याची भानगड, उजव्या कोपऱ्यातून सुटतच नसेल तर तिथलं लॉक नाहीतर कॅरेज थांबतं तिथल्या रबरी कॅपवर वाळलेली शाई, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज गेलं तर मशीनला आपण कुठे आहोत हेच कळत नाहीये. आमचं सहज गेलं!

मग तुम्ही ती पारदर्शक पट्टी दाखवलीत, एन्कोडर स्ट्रिप. इतकी वर्षं प्रिंटर वापरतोय पण ती कधी दिसलीच नव्हती. एका इंचात साधारण १५०-२०० बारीक रेघा असतात आणि कॅरेजमागचा सेन्सर त्या मोजत जातो, त्यावर डाग पडला की मोजणी चुकते आणि कॅरेज भिंतीवर आदळतं. टॉर्चच्या उजेडात ग्रीसचा डाग स्पष्ट दिसला. स्पिरिट नको, काही पट्ट्यांवरच्या रेघाच पुसल्या जातात, म्हणून धागे न सुटणारं फडकं बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये जेमतेम ओलं करून पट्टी दोन्ही बाजूंनी पुसायची, आणि तीही अलगद, कारण एका टोकाला ती स्प्रिंगवर असते, निसटली तर परत बसवताना नाकीनऊ येतात. हे सगळं तुम्ही माझ्याच हातून करून घेतलंत, स्वतः पटकन उरकून गेला नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वायर लावली आणि कॅरेज सरळ जाऊन परत आलं. संध्याकाळच्या बॅचला पेपर वेळेवर मिळाले. दुकानदाराने मोडीत काढलेलं मशीन निव्वळ पाण्यावर चालू झालं काका, आणि तुम्ही चहाशिवाय काही घेतलं नाहीत.

आई म्हणतेय रविवारी काकूंना घेऊन जेवायलाच या, नाही म्हणायचं नाही. आणि शेजारच्या वहिनींच्या प्रिंटआउटवर आडव्या पांढऱ्या रेघा येतायत, त्यांना तुमच्याकडे पाठवू का ते तेवढं कळवा.