गजरेवाल्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "असू द्या हो ताई" म्हणता आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुमच्या सूनबाई मोबाइलवर वाचून दाखवतील.

रोज गजरा घेणाऱ्या बाईला मोगरा फुलवायला शिकवणं म्हणजे आपलंच गिऱ्हाईक तोडणं. ते तुम्ही हसत हसत केलंत, वर कलमाचे पैसेही घेतले नाहीत. पालघरला हे घर घेतलं तेव्हा अंगणात बटमोगरा आधीपासून होता. हिरवागार, माजलेला, आणि फुलं म्हणाल तर देवापुरती. मी खत विचारलं, तर तुम्ही उलट मलाच विचारलंत, "थंडीत पाणी देता का?"

विक्रमगड-जव्हारकडच्या मोगऱ्याच्या मळ्यांत वाढलेल्या माणसालाच हा प्रश्न सुचणार. डिसेंबरात पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा. पानं पिवळी पडून गळायला लागली तरी जीव घट्ट करून बघत बसायचं. संक्रांतीच्या सुमाराला जमिनीपासून हातभर ठेवून वरचं सगळं छाटायचं, वाळकं आणि आत वळलेलं बुडापासून काढायचं. मग माती हलकीशी उकरून चांगलं कुजलेलं शेणखत घालायचं आणि त्यानंतरच भरपूर पाणी. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते, जुन्या लाकडाला नुसती पानं. हे एवढं कळलं की कात्री चालवताना हात थरथरत नाही. (घरच्यांचा थरथरला. "झाड मारलंस," असं सासूबाई फेब्रुवारीभर म्हणत होत्या. मार्चमध्ये त्यांनीच पहिली ओंजळ देवाला वाहिली.)

कळ्या जांभळट पडून जाळ्यात गुंडाळल्यासारख्या दिसू लागल्या, तेव्हा मी फोटो दाखवला. तुम्ही फोटो नीट बघितलाही नाहीत. "कळीतली अळी. तेवढ्या कळ्या खुडा, जाळा, आणि निंबोळीचा अर्क मारा." दुकानात याच कामासाठी भारी औषधाची बाटली मिळते. पण जी फुलं केसांत माळायची, देवाला वाहायची, त्यांच्यावर ते विष कशाला, हे तुमचं म्हणणं मला सोळा आणे पटलं.

आणि खुडणं! पांढरी, टपोरी, पण मिटलेली कळी सकाळी ऊन चढायच्या आत काढायची, ओल्या फडक्यात ठेवायची, म्हणजे संध्याकाळी गजऱ्यातच उमलते. सकाळी उमललेलं फूल गजऱ्याला कामाचं नाही, दुपारपर्यंत ते मलूल होतं. तुमच्या मळ्यांतून दादरच्या फूलबाजारात माल जातो तो कळीचा, फुलाचा नव्हे, हे मला तुमच्या टोपलीपाशी उभं राहून समजलं.

मोगऱ्याच्या यशानं हावरटपणा वाढला. अनंताचं झाड आणलं. त्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तेव्हा तुम्ही म्हणालात, "बोअरचं पाणी खारं-चुनखडीचं, याला सोसत नाही." लिटरभर पाण्यात दोनेक ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे झाडाला लोह), वर लिंबाचे थेंब, आणि फवारा उन्हात नाही, संध्याकाळी. बुडाशी पालापाचोळ्याचं खत आणि जमेल तेवढं पावसाचं साठवलेलं पाणी. नवी पानं आता हिरवी येताहेत. कळ्या मात्र अजून गळतात. अनंत नखरेलच आहे, त्याला मी अर्धेच गुण देते.

कुंतीला काही करावं लागलं नाही. ती कढीपत्त्याच्याच कुळातली, तशीच चिवट. पावसाची एक चांगली सर झाली की सगळं झुडूप पांढरं होतं आणि दोन-तीन दिवसांत सडा घालून मोकळं. रातराणी तुम्ही खिडकीखाली लावू दिली नाहीत, कुंपणापाशी लावायला लावलीत. रात्री त्या वासानं डोकं चढतं, हे खरंच. तिच्या वासानं साप येतो हे मात्र मला काही पटत नाही, मावशी. साप येतो तो उंदीर-बेडकांच्या मागे, अडगळीत. बुंध्याशी झाडून स्वच्छ ठेवते, म्हणजे तुमचंही समाधान.

तुमचा धंदा बुडवला म्हणून मी एकदा ओशाळून बोलले, तेव्हाचं तुमचं उत्तर घरात अजून गाजतंय: "पावसाळ्यात मोगरा सरला की कुठं जाल? अबोली माझ्याकडूनच घ्याल ना!" घेतेच आहे.

यंदा पाऊस लागला की दाब कलमं घालणार आहे. जमिनीलगतची फांदी वाकवायची, गाठीपाशी थोडी साल काढायची, मातीत पुरून वर दगड ठेवायचा, तुम्ही दाखवलंत तसं. तुमच्या जावेला घराजवळ बटमोगरा हवा होता ना? मुळं धरली की तिच्यासाठी दोन रोपं ठेवते. पैशाचा विषय मात्र काढायचा नाही, तो नियम तुमचाच आहे.

तुमची,
कोपऱ्यावरच्या घरातली ताई