सातबाऱ्यावर व्हिसा मिळत नाही, साहेब

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला परदेशी उपचारांवरचा लेख वाचला. रंगीत पान, विमानाचं चित्र, हसरी नर्स, सगळं झकास. लगेच लिहायला बसलो होतो, पण घरचे म्हणाले, रागात लिहू नका, एक रात्र जाऊ द्या. रात्र गेली, राग आहे तिथंच आहे.

लेखाच्या मधोमध एक वाक्य आहे. परदेशी रुग्णालयाचं पत्र आणि पुरेसा पैसा असला की व्हिसा मिळायला अडचण येत नाही म्हणे. लेखकमहाशयांना माझा नमस्कार. पुरेसा पैसा म्हणजे काय, हे त्यांनी एकदा तासगाव तालुक्यात येऊन एखाद्या द्राक्षबागायतदाराकडून समजून घ्यावं आणि मग तेच एखाद्या वकिलातीला समजावून दाखवावं. चहा-नाश्ता माझ्याकडे.

माझ्या पुतण्याची मुलगी सात वर्षांची आहे. जन्मापासून एका पायाची नडगी वाकडी. ते हाड मोडतं, आणि मोडलं की जुळत नाही. डॉक्टर त्याला स्यूडआर्थ्रोसिस म्हणतात. आता कुणीतरी म्हणेलच, अहो, मिरज शेजारी असताना बाहेर कशाला जाता? मिरजेचं मोठेपण आम्हाला सांगू नका. १८९४ पासून तिथं मिशन हॉस्पिटल उभं आहे, निम्मं उत्तर कर्नाटक उपचाराला तिथं येतं. मिरजेत दाखवून झालं, पुण्यात झालं, मुंबईत झालं. हाडात रॉड घातला, बाहेरून रिंगा लावल्या. हाडानं धरलं आणि पुन्हा सोडलं. शेवटी मुंबईच्याच डॉक्टरांनी युरोपातल्या एका सर्जनचं नाव सुचवलं, जे वर्षानुवर्षं हीच शस्त्रक्रिया करतात. त्यांनी एक्स-रे मागवले, बघितले, हो म्हणाले. खर्चाचा अंदाज आणि पत्र आलं. देशाचं नाव लिहीत नाही. आम्हाला पुन्हा अर्ज करायचा आहे, आणि वकिलातीत मराठी वाचणारं कुणीतरी असणारच.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे कागद जमवायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. तुमच्या लेखाशेजारी 'आवश्यक कागदपत्रे' अशी निळी चौकट आहे. पगाराची स्लिप, नोकरीच्या ठिकाणचं रजा मंजुरीचं पत्र, तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं, बँकेचं स्टेटमेंट. ही चौकट ज्यांनी लिहिली ते पगारदार असावेत आणि त्यांच्या ओळखीतली सगळी माणसंही पगारदार असावीत. पुतण्याला पगार कोण देणार? रजेचा अर्ज त्यानं कुणाकडे द्यायचा, बागेकडे? आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, हे सरकारनंच ठरवलेलं. ज्याला दुसरं उत्पन्न नाही तो विवरणपत्र कशाला भरत बसेल? तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडला. तो तिकडं कुणी वाचला असेल असं वाटत नाही.

बँक स्टेटमेंटबद्दल तर मी दिवसभर बोलू शकतो. आमच्या भागात पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. द्राक्षं जातात, राहिलेल्याचा बेदाणा होतो, बेदाणा शीतगृहात जातो, भाव बरा निघाला की सौदा होतो आणि मग अडत्याकडून एकरकमी पैसे येतात. आल्या आल्या औषधदुकानाची उधारी, सोसायटीचं कर्ज, मजुरी. म्हणजे चार महिने खात्यात खडखडाट आणि एके दिवशी पंधरा लाख जमा. आमच्याकडच्या कुठल्याही शाखाधिकाऱ्याला असं खातं दाखवा, तो डोळे झाकून सांगेल, हा बागायतदार. वकिलातीतल्या माणसाला मात्र तेच खातं बघून वाटतं की उसनवारी करून चार दिवसांसाठी पैसे दाखवलेत.

त्यातले काही पैसे नातलगांनी दिलेले होते, हे खरंच आहे. मेहुण्यानं दिले, आत्यानं दिले, भावकीतल्या दोघातिघांनी दिले. लेकराच्या पायासाठी भावकीनं पैसे घालायचे नाहीत तर कधी घालायचे, जत्रेला? आम्ही काही लपवलं नाही. प्रत्येकाचं पत्र घेतलं, प्रत्येकाच्या खात्याचा उतारा जोडला. झालं काय, तर फाइल जाड झाली आणि शंका त्याहून जाड.

आता सातबारा. मालमत्तेचा पुरावा म्हणून सातबारा आणि आठ-अ जोडायचे, तेही इंग्रजीत भाषांतर करून, नोटरीच्या शिक्क्यासह. भाषांतर करणाऱ्यानं पानामागं पैसे घेतले आणि इमानदारीनं अक्षर न अक्षर उतरवलं. आमचं खातं सामाईक. थोरल्या आजोबांच्या वारसांची सगळी नावं त्यावर आहेत, त्यातली दोन माणसं आज हयात नाहीत, वारसनोंदीचं प्रकरण तलाठ्याकडं आहे. इतर हक्कात विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा. ज्याच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा नाही असा बागायतदार सांगली जिल्ह्यात शोधून दाखवा, त्याचा आपण सत्कार करू. पण युरोपातल्या साहेबानं ते इंग्रजी पान वाचलं असेल तर त्याला एवढंच कळलं असणार, की जमीन ह्याची एकट्याची नाही, शिवाय ती गहाण आहे. बागेची आजच्या भावानं किंमत काय, ते सातबाऱ्यावर कुठं लिहिलेलं असतं? पुतण्या मला विचारत होता, "आप्पा, बागेचा फोटो लावायचा का हो?" मी नको म्हणालो नाही. लावला. घड लगडलेले असतानाचा.

विम्याचीही गंमत सांगतो. शेंगेन देशांच्या, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. काढला. पॉलिसीत लिहिलंय की अचानक आजारी पडलात, अपघात झाला, अगदी मेलात तरी देह परत आणायचा खर्च मिळेल. फक्त आधीपासून असलेल्या आजाराला काही मिळणार नाही. म्हणजे मुलीच्या डाव्या पायासाठी चाललोय आणि तो पाय सोडून बाकी सगळ्या मुलीचा विमा. हप्ता भरला तेव्हाच व्हिसाचा अर्ज घेतला गेला.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं तिघं मुंबईला गेले. बोटांचे ठसे द्यायचे होते. बारा वर्षांखालच्या मुलांना ठसे लागत नाहीत, ती सुटली. पुतण्याची बोटं मात्र वर्षानुवर्षं मोरचूद-चुन्याच्या फवारणीत आणि छाटणीच्या कात्रीवर घासलेली, यंत्रावर ठसा उमटेना. हात पुसून, दाबून, पुन्हा दाबून एकदाचं झालं. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रातली पोरगी सौजन्यानं वागली, तिची तक्रार नाही.

निकाल आला. मुलीला व्हिसा मिळाला. तिच्या आईला मिळाला. बापाला नाही.

कागद तिघांचे एकच होते. तेच खातं, तोच सातबारा, तेच रुग्णालयाचं पत्र. नकाराचा एक छापील कागद असतो, त्यावर कारणांची यादी आणि लागू असेल त्यापुढं खूण. दोन खुणा होत्या. एक, खर्चाची पुरेशी तरतूद दाखवली नाही. दुसरी, मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परत जाल याबद्दल शंका आहे. पहिलीवर वाद घालायचा नाही असं मी ठरवलं होतं, तरी वर घातलाच. दुसरीवर मात्र राहवत नाही. ज्याची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे, तो द्राक्षबागायतदार बाग टाकून युरोपात लपून बसेल, असं ज्याला वाटतं त्यानं बाग कधी पाहिलेली नाही. चौकातल्या एका जाणत्यानं आम्हाला शहाणं केलं. म्हणे, एकाला मागं ठेवतात, म्हणजे बाकीचे परत येतात. मग सरळ ओलीस म्हणा की.

सूनबाई धीराची आहे, पण इंग्रजी तिला वाचता येतं तेवढं बोलता येत नाही. प्लास्टर घातलेलं सात वर्षांचं पोर उचलायचं, तिथल्या डॉक्टरचं समजून घ्यायचं, रात्री संमतीच्या कागदावर सही करायची, हे तिनं एकटीनं करावं अशी अपेक्षा. शेंगेनचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचाच, त्यामुळे आधी एकानं आणि नंतर दुसऱ्यानं जायचं म्हटलं तरी दिवस पुरत नाहीत. ९० दिवसांपुढं उपचार लांबले तर त्या देशाचा वेगळा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो, हेही तुमच्या निळ्या चौकटीत नाही. शस्त्रक्रियेची तारीख पुढं ढकलली आहे.

आणि पैसे? ते कधीच पोचलेत. रुग्णालयाला आगाऊ रक्कम लागते, ती बँकेतून पाठवली. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, उपचारासाठी रुग्णालयाचा अंदाज दाखवून त्याहून जास्तही. वर १ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांपुढच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे बँकेनं आगाऊ वसूल करायचा प्राप्तिकर, सुरू होतो, त्याचा हिशेब वेगळा. पैशाला व्हिसा लागत नाही. तो बिचारा एकटाच जाऊन तिकडं बसला आहे.

लेखक पुढं लिहितात, नकार आल्यास फेरविचाराचा अर्ज करावा, आणि उदाहरण जर्मनीचं देतात. जर्मनीनं १ जुलै २०२५ पासून वकिलातीकडं फेरविचार मागण्याची सोयच बंद केली आहे. उरतं ते तिथलं कोर्ट किंवा नवा अर्ज. आम्ही अर्ज केला त्या देशाकडंही दाद मागायची ती तिकडं जाऊन, त्यांच्या भाषेत. नवा अर्ज म्हणजे पुन्हा ९० युरो. २०२४ च्या जूनपर्यंत ८० होते. आधीचे परत मिळत नाहीत. आपण मात्र परदेशी रुग्णाला घरबसल्या ई-मेडिकल व्हिसा देतो, ६० दिवसांचा, तीनदा यायची मुभा, आणि सोबतीला दोन माणसं चालतात. दोन! करावं की, पाहुण्याचं करावंच. पण आपल्या परराष्ट्र खात्यानं कधीतरी समोरच्याला एवढं तरी विचारावं, की बाबांनो, आमच्या आजारी पोराबरोबर त्याचा बाप का चालत नाही?

आता एक गोष्ट खास तुमच्यासाठी. त्याच पानाच्या तळाला, लेखाला चिकटूनच, एका एजंटाची जाहिरात आहे. 'मेडिकल व्हिसा, शंभर टक्के खात्री'. ही जाहिरात तुमच्याकडं नवी नाही. पुतण्या ती वाचूनच त्याच्या ऑफिसात गेला होता, मला न सांगता. त्या गृहस्थानं फाइल उघडूनही पाहिली नाही. म्हणाला, पायाचं कुठं बोलूच नका, पर्यटनाचा टाकू, हॉटेलचं खोटं बुकिंग मी करतो, विमानतळावर विचारलं तर आयफेल टॉवर सांगायचं. पायात रिंगा लावलेलं पोर घेऊन आयफेल टॉवर! पुतण्या उठून आला, पण 'सल्ल्याचे' पैसे ठेवूनच. एखादा घाबरलेला बाप उठणार नाही. खोटं उघड झालं की त्या पोराचा पुढचा अर्जही संशयात जातो, तेव्हा हा एजंट आणि तुमचा जाहिरात विभाग दोघंही फोन उचलणार नाहीत. वर प्रबोधन आणि खाली हे, असा दुहेरी धंदा एका वर्गणीत बसतो का, ते तुम्हीच सांगा.

निळी चौकट दुरुस्त करून छापावी. शेतकऱ्यानं उत्पन्न कसं दाखवायचं, एवढं एखाद्या जाणकाराकडून लिहून घ्या, हवं तर आमची फाइल बघायला द्या त्यांना. ती जाहिरात पुढच्या रविवारी दिसली तर मी वर्गणी बंद करणार आहे, आणि शेजारच्या दोन घरांनाही सांगणार आहे.

माझं नाव छापू नये, त्याचं कारण वर लिहिलंच आहे. जागेअभावी काटछाट करायची झाल्यास विम्याचं काढा, सातबाऱ्याचं ठेवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार
तासगाव, जि. सांगली