घोड्याचे नावही छापा

महोदय,

लास व्हेगासला डिसेंबरात होणाऱ्या ‘नॅशनल फायनल्स रोडिओ’च्या, म्हणजे अमेरिकी गुराखी-खेळांच्या अंतिम स्पर्धेच्या, बातम्या आपल्याकडे येतात त्या बहुतेक उसळत्या बैलावर बसणाऱ्यांच्या. घड्याळ लावून खेळायच्या प्रकारांतला विजेता आलाच, तर त्याचे नाव आणि डॉलरमधली रक्कम छापून बातमी संपते. ज्या घोड्यावर बसून त्याने ते जिंकले, त्याचा उल्लेख नसतो. या प्रकारांत ही उणीव किरकोळ नाही.

वासराला फास टाकून बांधण्याचा प्रकार घ्या. वासरू साधारण १०० ते १२५ किलोचे. ते आधी सुटते. घोड्यासमोर आडवी दोरी असते आणि वासराने ठरलेले अंतर कापले की ती मोकळी होते. त्याआधी घोड्याने ती तोडली, तर १० सेकंदांचा दंड. अव्वल स्वाराची वेळच सात-आठ सेकंदांची, म्हणजे दंड बसला की बक्षीस गेलेच.

फास पडताच स्वार खाली उडी घेतो आणि तिथून घोड्यावर कोणीच नसते. दोराचे टोक खोगिराच्या खुंटाला पक्के असते. घोड्याने जागच्या जागी थांबायचे, वासराकडे तोंड ठेवून मागे सरकायचे आणि दोर ताठ राखायचा. ढील पडली तर वासरू उधळते, पाय हाती लागत नाहीत. फार जोरात हिसका बसून वासरू आडवे झाले, तर स्वाराने त्याला आधी उभे राहू द्यायचे, मगच हाताने पाडायचे. सेकंद तिथे वाया जातात. मग दातांत धरलेल्या लहान दोरीने तीन पाय बांधायचे, दोन वेढे आणि एक अर्धी गाठ. हात वर केले की घड्याळ थांबते, पण निकाल लागत नाही. स्वार पुन्हा घोड्यावर बसून दोर सैल करतो आणि त्यानंतर ६ सेकंद गाठ टिकावी लागते.

दोघांनी मिळून फास टाकण्याच्या प्रकारात एकाने दोराने बैलाची शिंगे धरायची, दुसऱ्याने मागचे दोन्ही पाय. एकच पाय सापडला तर ५ सेकंद वाढतात. तिथे तर घड्याळ थांबते तेच दोर ताणून दोन्ही घोडे जनावराकडे तोंड करून उभे राहिल्यावर!

घोड्यावरून तीन पिंपांना वळसे घालत पळायच्या शर्यतीत प्रमाण आखणीनुसार पहिल्या दोन पिंपांत ९० फूट आणि त्या प्रत्येकापासून तिसरे १०५ फुटांवर असते. पिंप पडले की ५ सेकंदांचा दंड. शार्मेन जेम्सने १९८४ ते १९९३ अशी सलग दहा जगज्जेतेपदे स्कॅम्पर या एकाच घोड्यावर मिळवली. १९८५च्या अंतिम स्पर्धेत मैदानात शिरतानाच त्याचा लगाम निसटला. तरी तिन्ही पिंपांना वळसा घालून त्याने ती फेरी जिंकून दिली. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या रोडिओ हॉल ऑफ फेममध्ये स्कॅम्पर १९९६ साली गेला, शार्मेन २०१७ साली.

बेबी डॉल नावाच्या घोडीवर विलार्ड कॉम्ब्ज १९५७ साली धावत्या घोड्यावरून उडी घेऊन बैल पाडण्याच्या प्रकारात जगज्जेता झाला. तिच्यावर इतर स्पर्धकही उतरत, आणि उसना घोडा घेतला की बक्षिसातला हिस्सा घोड्याच्या मालकाला द्यायचा ही तिथली रीतच आहे. सव्वीस जगज्जेतेपदांचा धनी ट्रेव्हर ब्रॅझील याच्या यशातही त्याच्या घोड्यांचा वाटा मोठा आहे.

बैलगाडा शर्यतीत गाडामालकाइतकेच बैलाचे नाव आपल्याकडे लोकांच्या तोंडी असते. त्याच वाचकाला घोड्याचे नाव नको असेल, असे मानायचे कारण नाही. निकाल छापताना स्वार, घोडा, वेळ आणि दंड बसला असल्यास तो, इतके चार तपशील एका ओळीत मावतात.

– एक वाचक, पुणे