परदेशी फी दोनदा वजा. होल्डची (अडवून ठेवलेली) रक्कम सोडण्याबाबत

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
सांगली शाखा

विषय : डेबिट कार्डाने परदेशी विद्यापीठाला भरलेल्या फीची दुबार वजावट

महोदय,

मुलीच्या प्रवेश अर्जाची फी मी आपल्या डेबिट कार्डाने जर्मनीतील विद्यापीठाला युरोमध्ये भरली. पैसे लगेच खात्यातून गेले. काही दिवसांनी तीच फी थोड्या वेगळ्या आकड्याने पुन्हा वजा झाली. शाखेत विचारले तर "तुम्ही दोनदा भरलेत, विद्यापीठाकडे मागा" असे सांगून मला परत पाठवले. एकदाच फी जमा झाल्याचे विद्यापीठाने लेखी कळवले आहे. ते पत्र सोबत जोडले आहे.

कार्ड वापरले तेव्हा विद्यापीठाच्या बँकेने व्हिसा या कार्ड कंपनीमार्फत आपल्याकडे फक्त परवानगी मागितली. आपण ती देऊन रक्कम होल्ड केली, म्हणजे खात्यातच अडवून ठेवली. खरी मागणी नंतर आली, त्या वेळच्या दराने. वर आपला साडेतीन टक्के मार्कअप (परकीय चलनाच्या व्यवहारावरचा बँकेचा जादा आकार) आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. म्हणून दोन आकडे जुळत नाहीत. ही दुसरी वजावट मला मान्य आहे. पण ती झाल्यावर आधीचा होल्ड सुटायला हवा होता, तो अजून तसाच आहे. दोन्ही नोंदींचा ऑथरायझेशन कोड (परवानगीचा क्रमांक) एकच आहे. मी दोनदा पैसे भरले असते तर कोडही दोन आले असते. एवढे ताडून बघायला शाखेत कोणी तयार नाही.

क्रेडिट कार्ड असते तर नुसती मर्यादा अडकली असती. इथे हळद विकून आलेले पैसे अडकले. त्यापायी विकास सोसायटीला दिलेला माझा चेक परत गेला. इतकी वर्षे सोसायटीत माझा शब्द चालत होता. पैसे आपण अडवलेत आणि चेक परत गेल्याचा दंडही माझ्याच खात्यातून कापलात, हे मला अजिबात मान्य नाही.

होल्डची रक्कम ताबडतोब सोडावी, चेकचा दंड परत जमा करावा आणि लावलेला दर, मार्कअप व जीएसटी वेगवेगळे लिहून द्यावेत. सोसायटीला दाखवता येईल असे, चूक बँकेची असल्याचे पत्रही द्यावे.

फसलेल्या व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये ठरवलेली दिवसाला 100 रुपयांची भरपाई देशांतर्गत व्यवहारांपुरती आहे, हे मला ठाऊक आहे. ती मी मागत नाही. पण 30 दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करीन.

आपला,
बचत खातेदार

सोबत : विद्यापीठाचे पत्र, खातेउतारा, परत आलेल्या चेकचा मेमो