रिमोटवर काम करणाऱ्यांसाठी: निघण्याआधी स्लीप बंद करा

मंडळी, घरून रिमोटने ऑफिसचा पीसी वापरणाऱ्या सगळ्यांनी हे प्लीज आजच करून ठेवा. पीसी एकदा स्लीपमध्ये गेला की नेटवर्क तुटतं, सेशन बंद पडतं, आणि वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून पीसी जागा करायची सोय) आधीच सेट केलेलं नसेल तर तिथे कुणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत काहीच करता येत नाही, मागे चालू असलेली मोठी कॉपी किंवा रिपोर्टही अर्धवट राहतो.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, पॉवर इथे जाऊन चार्जिंगवर असतानाचं स्लीप 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद होण्याची वेळ मात्र ५-१० मिनिटंच राहू द्या, स्क्रीन काळी झाली तरी सेशन चालूच राहतं, उगाच वीज कशाला जाळायची. लॅपटॉपवाल्यांनो, कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण बंद केल्यावर 'डू नथिंग' निवडा आणि चार्जर लावूनच ठेवा, हे बरेच जण विसरतात. मॅकवाल्यांनी टर्मिनलमध्ये 'कॅफिनेट' (caffeinate) ही मॅकला स्लीपमध्ये जाऊ न देणारी कमांड चालवून ती विंडो तशीच उघडी ठेवायची, झाकणही उघडंच.

आणि स्लीप बंद केलं म्हणून पीसी उघडा टाकून जाऊ नका, विंडोज आणि एल दाबून लॉक कराच, लॉक असला तरी रिमोटने आत येता येतं. ऑफिसने सेटिंग लॉक केली असेल तर आयटीला सांगून बदलून घ्या.