वर्गातील ॲपसाठी पूर्वपरवानगी : शिक्षक-सदस्यांना सूचना

सर्व शिक्षक-सदस्यांना कळविण्यात येते की, दुसऱ्या सत्रात वर्गात वापरावयाच्या प्रत्येक ॲपचा अर्ज येत्या शनिवारी दुपारी १ वाजेपर्यंत संगणक कक्षात द्यावा. मोफत ॲपसाठीही अर्ज आवश्यक आहे.

ॲप विद्यार्थ्यांची कोणती माहिती घेते, ती कोठे साठवते आणि खाते बंद केल्यावर पुसते का, हे अर्जात लिहावे. नुकत्याच तपासलेल्या पाढ्यांच्या एका ॲपने पहिलाच पाढा दाखवण्याआधी मुलाची जन्मतारीख आणि फोनमधील संपर्कयादी मागितली. पाढे शिकण्यासाठी याची काहीही गरज नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य (ती पालकांनीच दिली आहे याची खात्री करता येईल अशी) संमती आवश्यक ठरवतो. त्यामुळे :

• संमतीपत्र मराठीतच पाठवावे.
• मंजुरीपूर्वी वर्गाची यादी अपलोड करू नये.