पेव उघडताना

प्रिय मित्रा,

कापसाचा पहिला वेचा घरी आला. दादा वावरात, वहिनी वेचणाऱ्या बायांच्या मागे, आणि मी ओसरीत कागद पसरून. धाकटा काय करतो असं कुणी विचारलं की आई सांगते, "छप्पनचा दुष्काळ लिवून राह्यला."

सनावळी जमली आहे. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव चढले. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. पोटाच्या ज्वारीची जागा कापसाची पऱ्हाटी घेत गेली. आणि 1899 चा पाऊस दगा देऊन गेला. संवत 1956, म्हणून छप्पनचा. दुष्काळी कामावरची मजुरी धान्याच्या भावावर ठरायची, हेही कागदात सापडतं. पण दिवसभर खडी फोडून आलेली बाई रात्री चुलीवर काय ठेवत होती, ते कोणत्या साहेबाने लिहून ठेवलंय?

ते आईकडे आहे. तिच्या आजीने पोरवयात तो दुष्काळ काढला होता. सकाळी जेवण झालं की नाही हे आईला दुपारी आठवत नाही, मात्र आजीचं बोलणं ती शब्दन्‌शब्द सांगते. परवा अंबाडी निवडता निवडता पेवाचं निघालं. गावच्या पांढरीत, म्हणजे वस्तीच्या जागेत, धान्य साठवायचा खोल खड्डा, आत कडब्याचं अस्तर, वरून माती. उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आधी दोरीने कंदील सोडायचा. विझला तर आत वाईट हवा आहे असं समजून थांबायचं. मी विचारलं, ज्वारी कशी निघायची? आई म्हणाली, "काठाची जवारी काळी पडे, ते ढोरायले. मधातली माणसायले." मग बराच वेळ काडी मोडत राहिली आणि म्हणाली, "त्या साली काठाचीबी माणसायनंच खाल्ली."

मित्रा, त्या वाक्यावर माझं अख्खं प्रकरण उभं राहिलं. गाविलगडाच्या लढाईवर लिहिताना मी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफांचे पल्ले शोधत होतो, 1803 च्या डिसेंबरातला एकेक दिवस लावत होतो. ते काम मनापासून केलं, पण त्या गडावर माझं रक्ताचं कुणी नव्हतं. इथे आहे. ती काळी ज्वारी खाऊन जगलेल्या पोरीची मी पणतवंडातली ओलाद. म्हणून आता लिहिताना हात जड होतो, आणि तसा तो व्हायलाच हवा असं मला वाटतं.

भीती एकच आहे. आईचं रोज थोडं थोडं निसटतं. परवा तिने मला मामाच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली. तेवढ्यात तिने माहेरच्या विहिरीच्या खाऱ्या पाण्याची, गोड्या पाण्यासाठी रात्री जुंपलेल्या बंडीची गोष्ट सांगितली. खारपाणपट्ट्यातलं बालपण तिचं. मधेच टोकलं असतं तर ती गोष्ट गेली असती.

आता तुझ्याकडे काम. तुमच्या वाड्यामागे पेव होतं, काकांनी ते बुजवताना पाहिलंय. तोंड किती रुंद होतं, झाकायला लाकूड की दगड, आणि पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला उबट वास यायचा का, एवढं त्यांना विचार. फोनवर नको, त्यांना नीट ऐकू येत नाही. त्यापेक्षा हुरड्याला त्यांना घेऊनच ये. आई आणि काका समोरासमोर बसले की एकाचं सुटलेलं दुसरा धरेल. तारीख कळव, दादाला बंडी घेऊन फाट्यावर पाठवतो.

तुझाच